पाटीभर आंबट माती

९ जानेवारी
अनंत सोलापुरात आला त्याला आज दोन महिने. अजून जिवंत आहे. नवी पानं दोन आली, दोन्ही पिवळट, शिरा तेवढ्या हिरव्या. लोह पोचत नाहीये झाडाला. एकोणतीस वर्षं कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये काढली, एवढं तर कळायलाच हवं. पण कळलं म्हणून पान काही हिरवं होत नाही.

दादाने माहेरचं घर विकलं. घेणाऱ्याने कंपाउंड घालायला विहिरीजवळचा अनंत तोडला. आईने लावलेला. गेल्या पावसाळ्यात गेले होते तेव्हा सहज एका फांदीची साल काढून, ओलं शेवाळ गुंडाळून गुटी बांधून आले होते. दिवाळीनंतर ती कापून आणली म्हणून हे एवढं तरी उरलं. त्या झाडाचं जगात आता हेच, फूटभर काडी आणि अकरा पानं.

तोडल्याचा दादाचा फोन आला तेव्हा मागच्या अंगणात कुंडीशेजारी बसून रडले होते, लहान पोरीसारखी. बरं झालं कुणी बघितलं नाही.

११ जानेवारी
नर्सरीत गेले. गफूरभाई म्हणाले, "भाभी, ये इदर का झाड नहीं. इदर की मट्टी में चुना है चुना. गुलाब लेके जाओ ना." म्हटलं, गुलाब तुमच्याकडे राहू दे, मला आंबट मातीत जगणारी झाडं दाखवा. ते हसले, मग कोपऱ्यातून दोन काढून दिली. एक हायड्रेंजिया. माती आंबट असली की फूल निळं, नसली की गुलाबी, म्हणजे कुंडीतला लिटमसच. दुसरा इक्झोरा, आमच्याकडच्या रानातल्या पिटकोळीचा भाऊबंद. कॅमेलिया मागितला तर म्हणाले, "वो महाबलेसर जाके देखो."

सोलापुरात आंबट मातीचा कोपरा. लिहितानाच हसू येतंय. येऊ दे.

१४ जानेवारी
गड्ड्याच्या जत्रेची धांदल. अप्पा पांढरेशुभ्र कपडे घालून सकाळीच मल्लूबरोबर गाडीवर बसून गेले. वय चौऱ्याऐंशी, पण यात्रेच्या दिवशी पाठ ताठ. मल्लू म्हणतो आपल्या लग्नात आले असते तर असेच दिसले असते.

आले नाहीत. कोकणातली, जातीबाहेरची, मासे खाऊन वाढलेली सून. अकरा वर्षं ते माझ्याशी थेट बोलले नाहीत. मी समोर उभी असले तरी मल्लूला सांगायचे, "तिला सांग, भाकरी जाड झाली." सासूबाई गेल्या त्या महिन्यात एकदा म्हणाले, "पाणी दे." तेच पहिलं वाक्य. मी तांब्या घेऊन धावले आणि अर्धं पाणी त्यांच्या धोतरावर. तेव्हापासून आम्ही बोलतो. कामापुरतं. भांडण नाही, पण जवळीक म्हणावी तर तीही नाही.

१७ जानेवारी
पिंप भरलं. मल्लूच्या दुकानातलं निळं प्लॅस्टिकचं, अर्धं कापून. (मोटार-पंपाच्या दुकानाचा मला झालेला एवढाच फायदा.) कोकोपीट दोन घमेली, चिंचेखालचा कुजका पाला एक, जुनं शेणखत अर्धं, गफूरभाईंची लाल माती अर्धं. गंधक दोन चमचे. लोहासाठी हिराकस चिमूटभर पाण्यात. धुतलेला चहाचा चोथा.

निवृत्त होताना पीएच पेपरच्या दोन वह्या पिशवीत आल्या होत्या, कशा आल्या ते विचारू नये. कागद बुडवला. पिवळसर. सहाच्या जरा खाली, म्हणजे हवी तशी आंबट. अनंत पिंपात, बाकी दोघं कुंड्यांत.

पाणी बोअरचं चालणार नाही, भांड्यावर पांढरा थर बसतो त्याने. म्हणून पिण्याचा जार. मल्लू म्हणाला, "माणसांनी बोअरचं प्यायचं आणि झाडाला जार." मी म्हटलं, माणसं कोकणातनं आणलेली नाहीत. तो म्हणाला, "एक आणलंय की."

२५ जानेवारी
दुपारी पडले होते. झोप की जाग, कळत नव्हतं. पायाखाली तांबडी माती, ओली, बोटांच्या फटीत जाणारी. आई विहिरीशी. "अनंताक पाणी घातलंस काय गो?" मी म्हणतेय घातलं, घातलं, आणि हातात पंपाचा पाइप, मल्लूच्या दुकानातला. पाइपातून पाण्याऐवजी वास येत होता. अनंताचाच. उठल्यावर पाच-सहा मिनिटं खोलीत तो होता, शपथ. मग शेजारच्यांनी ठेचा कुटायला घेतला.

३ फेब्रुवारी
हिरवं पान. खरंखुरं हिरवं, तेलाचा हात फिरवल्यासारखं. दिवसभर काहीच केलं नाही, चार वेळा जाऊन बघितलं.

अप्पा हल्ली सकाळी मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसतात. ऊन अंगावर घेतात. काल मल्लूला विचारत होते, "ती झाडाशी काय बोलते?" मल्लूने सांगितलं, तिच्या आईचं झाड आहे ते. अप्पा "हं" म्हणाले. मी स्वयंपाकघरात होते, ऐकू येत होतं.

९ फेब्रुवारी
पिठ्या ढेकूण. आलेच. शेंड्याच्या बेचक्यात कापसाचे बोळे चिकटवल्यासारखे. मुंग्यांची रांग आधी दिसली होती तेव्हाच ओळखायला हवं होतं, मुंग्याच त्यांना आणून बसवतात आणि गोड रस चाटतात. कानकोरणीला कापूस लावून, स्पिरिटमध्ये बुडवून एकेक टिपला. काही नखाने चिरडले.

अप्पा बघत होते. म्हणाले, "जीव हाय त्यालापन."
म्हटलं, "झाडालापण आहे, अप्पा."
थोड्या वेळाने म्हणाले, "आमी गावाकडं वळसंगला घेवड्यावर राख मारायचो. जायचे की सगळे."
मी म्हटलं, हो का. आणि पुढचा ढेकूण टिपला. ऐकायला हवं होतं नीट.

१० फेब्रुवारी
वरचं शेवटचं वाक्य मी काल लिहिलेलं नाही, तेही आणि हेही महिन्याने मागे येऊन या कोऱ्या पानावर लिहिलंय. रोजनिशीत असं करू नये. पण राहवलं नाही.

१६ फेब्रुवारी
पानांवर पांढरी भुकटी. ढेकूण नाहीत, पीठ भुरभुरल्यासारखं. भुरी रोग म्हणावा तर असा एका रात्रीत? निंबोळी तेल, साबणाचं पाणी, फवारा. धुऊन गेलं.

१८ फेब्रु.
भुकटी परत. परत फवारा.

२१ फेब्रु.
परत. माझं डोकं चालेना. ढेकूण मात्र कमी झालेत, हे खरं. रोग येऊन किडे पळाले, असं मी तरी कुठे वाचलं नाही.

२४ फेब्रुवारी
नवं पान पिवळं. त्याच्या खालचंही. कागद बुडवला तर हिरवा. साडेसात.

असं होऊच शकत नाही. गंधक घातलंय, जारचं पाणी घालतेय, व्हिनेगरचे थेंब मोजून. मल्लूवर ओरडले, तूच बोअरचा पाइप सोडला असशील. तो म्हणाला, "मी त्या पिंपाजवळ जायला भितो." मग जेवायला बसलो. अप्पा ताटाकडे बघत होते.

१ मार्च
आठ. कागद निळसर. हायड्रेंजियाच्या कुंडीत सहा, इक्झोरात सव्वासहा. तेच पाणी, तीच माती, तोच हात. फक्त अनंताच्या पिंपात कुणीतरी चुना कालवल्यासारखं. पानं नऊ उरली.

दुपारी पुन्हा ते स्वप्न, पण विहिरीशी कुणी नव्हतं. नुसतं कंपाउंड. सिमेंटच्या विटा, नव्या, पांढऱ्या. झोपेत मी त्या भिंतीला कागद लावून बघत होते.

हे गेलं तर आईचं काहीच उरत नाही. फोटो आहेत, साडी आहे, पण ते ठेवलेलं असतं. वाढणारं असं काही नाही.

४ मार्च
कळलं.

सकाळी लवकर जाग आली, दूध तापवायला उठले. मागचं दार उघडं. अप्पांची पूजा झाली होती. गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन रोज पूजा करतात, त्याचं तीर्थ वाटीत असतं. ती वाटी घेऊन ते पिंपाशी उभे. विभूतीची वडी पाण्यात उगाळून वाटी चांगली दाट केलेली. सगळं मुळाशी ओतलं. मग कोरडी विभूती चिमटीत घेऊन पानापानावर सोडली, शेंड्यावर जास्त, जिथे ढेकूण होते तिथे. शेवटी तीन बोटं ओली करून पिंपाच्या निळ्या अंगावर तीन पट्टे ओढले. कपाळावर ओढतात तसेच. आणि डोळे मिटून उभे राहिले.

मी दारातच. दूध उतू गेलं.

राख. राखेने माती अल्कली होते, हे मी दरवर्षी पोरांना प्रयोगात दाखवत आले. वळसंगच्या काळ्या रानात घेवड्याला राखेने काय फरक पडणार, ती माती मुळातच चुन्याची. आणि इथे मी चमच्याने आंबट करतेय आणि अप्पा वाटीने परत फेडतायत. महिना झाला असेल. रोज.

माझ्या आईच्या झाडाला. ज्या माणसाने माझ्याकडे अकरा वर्षं पाणीसुद्धा मागितलं नाही, तो माणूस.

मला राग यायला हवा होता. आला नाही. ओट्यावरचं दूध पुसत राहिले.

५ मार्च
सांगायचं कसं. मल्लूला म्हटलं, तू सांग. तो म्हणाला, "मी न्हाय. देवाचं पाणी घालू नका म्हणून बापाला कोण सांगणार." अशा वेळेला तो बरोबर वळसंगचा होतो.

६ मार्च
आज सांगते म्हणाले होते. नाही सांगितलं. ते पूजेला बसायच्या आधी पिंप झाकावं का? प्लॅस्टिक घालून? लपवाछपवी कशाला, पण.

७ मार्च
अप्पा स्वतःहून म्हणाले, "किडे गेले बघ." इतके खूश. एवढ्या वर्षांत मला काही दाखवायला त्यांनी हाक मारली नव्हती. मी म्हटलं, हो अप्पा, गेले. सात पानं.

झाड मेलं तरी चालेल, असं एक क्षण वाटून गेलं. मग आत जाऊन आईच्या फोटोसमोरून तोंड चुकवून गेले.

९ मार्च
सांगितलं. आणि घाण केली.

त्यांच्या शेजारी स्टूल घेऊन बसले. म्हटलं, "अप्पा, ह्या झाडाला राख चालत नाही."
"राख न्हाय ती. विभूती हाय."
"हो. पण ह्याची माती आंबट लागते. विभूतीने ती..."
"विभूती कुणाला चालत न्हाय?"

एकोणतीस वर्षांची सवय, मी उठले, कागदाची वही आणली, एक पट्टी फाडली आणि त्यांच्या वाटीत बुडवली. तीर्थात. निळी झाली. त्यांच्यापुढे धरून म्हटलं, "हे बघा."

त्यांनी पट्टीकडे बघितलंच नाही. वाटीकडे बघितलं. "साकु," म्हणाले, कानडीत. पुरे. वाटी उचलून आत गेले.

देवाच्या पाण्यात मी कागद बुडवला. परीक्षा घेतली त्याची. मी देवदेव करणारी नाही, पण एवढी अक्कल तर हवी होती. पट्टी कचऱ्यातही टाकवेना. टेबलावर पडून आहे.

१० मार्च
अप्पा अंगणात आले नाहीत. खुर्ची रिकामी. तीर्थ पुढच्या दारच्या बेलाला घातलं.

जेवताना मल्लूला म्हणाले, "तिला सांग, भात पुरे."

मला वाटलं होतं ते दिवस संपले. स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले.

१२ मार्च
अनंत उपटून मुळं धुतली. पांढरी माती सगळी काढली, नवं मिश्रण, गंधक, पुन्हा पहिल्यापासून. मुळं थोडी आहेत, काही काळी पडलेली. पानं पाच. मुळं अशी हलवली की झाड रुसतंच. ऊन चढलंय आता, दुपारी अंगण तव्यासारखं. गोणपाटाचं छत बांधलं.

पिंप पुसलं नाही. पट्टे आहेत तसेच.

हायड्रेंजिया गेला. गफूरभाईंना फोन केला तर म्हणाले, "मैं बोला था ना भाभी." बोलले होते.

१५ मार्च
"तिला सांग, औषध संपलं."

मल्लू वैतागला. म्हणाला, "बाप-बायकोचा निरोप्या झालो मी. दोघं समोरासमोर बसा आणि भांडा तरी." त्याचंही बरोबर आहे.

१९ मार्च
सकाळी झाडाला पाणी घालत होते. मागे खुर्ची ओढल्याचा आवाज. अप्पा येऊन बसले. मी ढेकूण शोधायचं नाटक करत राहिले.

मग म्हणाले, "ते व्हिनेगर किती घालतीस?"
"लिटरला पाच-सहा थेंब."
"हं."

मी झारी भरून आणली. मग म्हणाले, "तू रडत होतीस की. दिवाळी झाल्यावर. हितंच बसून. मी खिडकीतनं बघितलं. मला काय सांगायला येतं? म्हणून म्हटलं, देवाचं पाणी घालावं."

मी म्हटलं, "अप्पा, त्या दिवशी कागद बुडवला, चुकलं माझं."
ते म्हणाले, "मी पन मारलंच की झाड तुझं."
"मेलं नाही अजून."

लहानपणापासून मला कुणासमोर रडायला आवडत नाही. आज रडले. त्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं, मुंग्यांची रांग बघत बसले.

२० मार्च
अप्पांकडे आता व्हिनेगरचं खातं. ड्रॉपर दिला लॅबमधला. थेंब मोठ्याने मोजतात, कानडीत. ऐदु, आरु. सहाव्या थेंबानंतर हात मागे घेतात आणि माझ्याकडे बघतात. ढेकणाला मात्र हात लावत नाहीत. तो दिसला की मला हाक. "बाई, हितं एक हाय बघ." जीव वाचवायचा नसून फक्त पाप माझ्या नावावर टाकायचं.

दुपारी पडले. स्वप्न नाही. नुसती झोप, गाढ.

२२ मार्च
पानं चार. कागद साडेसहा, खाली येत नाही. गफूरभाईंची या खेपेची लाल माती फक्त रंगाने लाल, तिच्या अंगात चुनाच आहे. अप्पांना ते सगळं समजावून सांगितलं. ऐकून घेतलं. मग विचारलं, "मग तुज्या गावची माती कशी असती?"

मी सांगत बसले. जांभा दगड, पाऊस, पाऊस सगळा चुना धुऊन नेतो, म्हणून काजू, म्हणून सुरंगी, म्हणून अनंत. नखातली तांबडी घाण शाळेत बाई तपासायच्या ते. विहिरीच्या काठावर निसरडं असायचं ते. आई गजरा न करता एकच फूल केसात अडकवायची ते. इतकं मी या घरात एका दमात कधी बोलले नव्हते. चहा गार झाला.

अप्पा म्हणाले, "मी तुज्या गावाला कधी आलो न्हाय."
म्हटलं, "नाही."
"जाऊ. माती आनू."
"घर विकलं अप्पा. तिथं आता आपलं काही नाही."
"माती तर हाय की."

२३ मार्च
मल्लू म्हणतो, ह्या वयात घाट, उन्हाळा, डोकं फिरलंय का दोघांचं. माती कुरिअरने मागवता येते. दादाला सांग, तो पाठवेल पोत्यातनं. अप्पा शांतपणे म्हणाले, "तू दुकान बघ."

कपाटातून त्यांनी शाल काढून उन्हात टाकलीय. उन्हाळ्यात शाल. कोकणात थंडी असते असं त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे.

२५ मार्च
मल्लूला एसटीत दोघांची जागा बघायला सांगितलीय. उतरायचं कुठे हा प्रश्न. एकतीस वर्षांनी सासरे माझ्या माहेरी यायचं म्हणतात आणि मला माहेर नाही. दादा रत्नागिरीला मुलाकडे. तालुक्याच्या गावी लॉज असेल एखादा.

पानं चारच. काल एक गळायला आलं होतं, धरून आहे. आम्ही येईपर्यंत मल्लूने पाणी घालायचं कबूल केलंय, सहा थेंब मोजून. भरवसा नाही. येऊन बघायला काडी तरी असेल का, माहीत नाही.

दुपारी अप्पांना म्हटलं, झाड होतं ती जागा आता त्या लोकांच्या कंपाउंडच्या आत आहे. तिथलीच हवी असेल तर आत जायला लागेल. ओळख ना पाळख.

अप्पा म्हणाले, "फाटकाशी उबं राहून मागू की. पाटीभर मातीला कोन न्हाय म्हनतंय."

लग्नाचं बोलायला माझे बाबा ह्या घरी आले होते तेव्हा बाहेर फाटकाशी अर्धा तास उभे होते. कुणी आत या म्हटलं नव्हतं. परत आल्यावर बाबांनी फक्त एवढंच सांगितलं होतं की ऊन फार होतं. अप्पांना ते आठवतं की नाही, मी विचारलं नाही. ते पाटी शोधायला माळ्याखाली गेले होते, घरातली प्लॅस्टिकची नको म्हणाले, बांबूची पाहिजे.